तलाव कुणाचा, सही कुणाची? संस्थांचा इतिहास वाचताना

कोहमाऱ्याच्या चौकातून एक रस्ता गोंदियाला जातो, एक नवेगावबांधकडे, आणि आडवा जातो तो मुंबई-कोलकाता महामार्ग. कुठल्याही बाजूला थोडं आत शिरलं की धानाच्या बांध्या दिसतात आणि मधे एखादा तलाव नाहीतर बोडी. यातल्या बऱ्याच तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. हा मामा कुणाचा नातेवाईक नाही. 'माजी मालगुजारी तलाव' याचं ते छोटं रूप आहे.

मी मूळची विज्ञानाची विद्यार्थिनी. पीएचडीच्या पहिल्या वर्षी अशाच एका तलावावर गाळ मोजायला गेले होते. पाळीतून एका ठिकाणी पाणी झिरपत होतं. खालच्या बांधीत काम करणाऱ्या एका आजोबांना सहज विचारलं, "बाबाजी, हे दुरुस्त कोण करते?" ते म्हणाले, "कोनाले सांगाव? तलाव कोनाचा, तेच तं मालूम नाही."

माझ्या वहीत गाळाची जाडी, पाण्याची खोली, झिरपा असे सगळे रकाने होते. या प्रश्नासाठी रकाना नव्हता. तुमच्यापैकी अनेकजण शेती, पाणी, ग्रामीण विकास किंवा स्वयंसेवी संस्था यांवर संशोधन करायच्या तयारीत आहात. म्हणून आजची पोस्ट त्या राहिलेल्या रकान्याबद्दल.

आधी तलावांचं बघू

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, असे सुमारे सात हजार तलाव आहेत. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव घेतलं जातं. इंग्रजांच्या काळात गाव मालगुजाराकडे असे आणि गावाबरोबर तलावही. पाळीवर माती टाकणं, गाळ काढणं ही कामं गावाकडून करून घेतली जात.

याला सुवर्णकाळ म्हणू नका. निर्णय एका माणसाचा असायचा आणि श्रम बऱ्याचदा सक्तीचे. पण पाळ फुटली तर कुणाच्या दारात जायचं, हे गावाला ठाऊक होतं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं. पण मालकी कागदावर एका तारखेला बदलते, देखभालीची सवय तशी बदलत नाही. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारी कामं जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरची पाटबंधारे खात्याकडे, अशी साधारण विभागणी आहे. मासेमारी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था करतात. पाणी शेतकऱ्याला हवं असतं. कागदावर प्रत्येक गोष्टीला कुणीतरी आहे. तरी बाबाजींना पत्ता सापडत नाही.

हाच प्रश्न परदेशी पैशाला

आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात जाऊ. आपल्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या अनेक गावांत त्याच्या निम्माही नाही. म्हणजे तिथली तांत्रिक उपाययोजना इथे जशीच्या तशी चालणार नाही. पण संस्था कशी चालवायची, या प्रश्नाचं तिथे जे उत्तर शोधलं गेलं ते आपल्या कामाचं आहे.

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेसुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले. नगरला त्यांनी सोशल सेंटर ही संस्था उभी केली. १९७२ च्या दुष्काळात अशा अनेक संस्थांनी कामं काढली, मजुरी दिली, विहिरी खोदल्या. दुष्काळ सरला आणि प्रश्न मागे उरला: पुढचा दुष्काळ आला की पुन्हा पैसा आणायचा का?

१९९२ पासून महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे बाखर यांची कल्पना आणि पाठपुरावा होता. पैसा जर्मन सरकारचा, केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत येणारा. भारतात तो नाबार्डकडे यायचा. गावांची आणि स्थानिक संस्थांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे 'वॉटर' ही संस्था स्थापन केली.

इथे थांबा आणि साखळी बघा. जर्मनीतलं मंत्रालय, बँक, नाबार्ड, प्रशिक्षण देणारी संस्था, स्थानिक संस्था, आणि सगळ्यात शेवटी गाव. इतक्या हातांतून जाताना निर्णय वरच अडकण्याची सगळी सोय होती. ते टाळायला काही नियम केले गेले.

पहिला, पाणलोट समिती ग्रामसभेने नेमायची, आणि पैसा समिती व स्थानिक संस्था यांच्या संयुक्त खात्यात यायचा. म्हणजे संस्थेला एकटीला पैसा काढता येत नाही. गावाची सही लागते. दुसरा, आधी काम, मग पूर्ण प्रकल्प. गावाने आधी लहान क्षेत्रावर काम करून दाखवायचं, हिशोब ठेवायला शिकायचं, मगच पुढचा टप्पा. तिसरा, श्रमदान. अकुशल मजुरीच्या खर्चाचा सुमारे १५ टक्के वाटा गावाने श्रमातून उचलायचा. चौथा, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. हे नियम राळेगणसिद्धीमुळे महाराष्ट्राला आधीच ओळखीचे झाले होते. आराखडा करताना शेतकऱ्याबरोबर त्याच्या वावरात फिरायचं, बांध कुठे घालायचा ते तिथेच ठरवायचं, ही पद्धतही यातच रुजली.

मला यात नेतृत्व दिसतं ते असं: पैसा आणण्याची ताकद ज्यांच्याकडे होती, त्यांनी तो एकट्याने खर्च करण्याची सोय स्वतःहून सोडली.

पण किंमत कुणी दिली?

इथपर्यंत वाचून ही यशोगाथा वाटली असेल, तर अजून थोडं वाचा. चराईबंदीने डोंगर हिरवा होतो, भूजल वाढतं आणि विहीर असलेल्याचा फायदा होतो. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाचं मात्र कुरण बंद होतं. जळण आणणाऱ्या बाईला लांब जावं लागतं.

आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेसाठी जॉन केर यांनी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या ८६ गावांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसहभाग आणि तांत्रिक मदत दोन्ही असलेले प्रकल्प नुसत्या तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरले. पण चांगल्या प्रकल्पांतही भूमिहीन आणि पशुपालक यांच्या तक्रारी होत्याच. ग्रामसभेने ठराव केला म्हणजे सगळ्या गावाने केला, असं धरून चालत नाही. सही गावाची असली तरी गावातल्या कुणाची, हे विचारावं लागतं.

तुमच्या कामासाठी

संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला की आपण किती हेक्टर, किती बंधारे, किती लाभार्थी हे आधी उतरवून घेतो. मीही तेच करायचे. आता त्याआधी चार गोष्टी शोधते. बँकेतल्या खात्यावर सह्या कुणाच्या? नियम कुणी ठरवला आणि तो मोडता कुणाला येतो? नियमामुळे कुणाचं रोजचं काम वाढलं? आणि प्रकल्प संपल्यावर दुरुस्तीचा पैसा कुठून येतो?

यातली बरीच उत्तरं अहवालात सापडत नाहीत. ग्रामसभेच्या इतिवृत्तात, समितीच्या पासबुकात आणि लोकांच्या बोलण्यात सापडतात. म्हणून क्षेत्रभेटीला निघताना मोजपट्टीबरोबर थोडा रिकामा वेळही घेऊन जा. शेळ्या चारणाऱ्याला आणि जळण आणणारीला भेटल्याशिवाय परत येऊ नका.

माझ्या वहीत आता एक रकाना जास्त आहे: 'कोणाले सांगाव?' पाळ झिरपत असेल तर लोक कुणाकडे जातात, ते त्यात लिहिते. रोवणीच्या दिवसांत पुन्हा त्या तलावावर जाणार आहे. तेव्हाच्या नोंदी पुढच्या पोस्टमध्ये.