निरभ्र आकाशातील टक्कर

३१ ऑगस्ट १९८६. अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावावर आकाश स्वच्छ होते. तरीही तिथे पाइपर जातीचे छोटे खाजगी विमान आणि एरोमेक्सिकोचे डीसी-९ प्रवासी विमान यांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील ६७ आणि जमिनीवरील १५ माणसे मरण पावली.

अशा विमानांच्या वैमानिकांचा मुख्य आधार म्हणजे 'पाहा आणि टाळा' हा नियम. तो का अपुरा पडला?

मैदानावर करून पाहू. दोन विद्यार्थी एकाच कोपऱ्यापासून सारख्या अंतरावर, दोन लगतच्या कडांवर उभे करू. दोघे सारख्या वेगाने कोपऱ्याकडे चालले, तर प्रत्येकाला दुसरा सतत ४५ अंशांवरच दिसतो. टक्करीच्या मार्गावरचे विमानही असेच काचेवर एका जागी खिळून राहते. आपली नजर मात्र चटकन टिपते ती हालचाल. शिवाय ११ मीटर रुंदीचे विमान २ किलोमीटरवरून चंद्राहून लहान दिसते. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट होतो. त्यामुळे वाढ जाणवते ती अगदी शेवटच्या सेकंदांत.

पाइपर विनापरवानगी नियंत्रित हद्दीत शिरले होते. पण चौकशी मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. त्याने नियमाच्या मर्यादाही दाखवल्या. पुढे अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवती विमानाची उंची कळवणारे यंत्र, आणि प्रवासी विमानांत टक्करीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. केवळ वैमानिकाला दोष देऊन हे साधले नसते, असे आम्हाला वाटते.