सुईकडे वळणारी माणसे

आपल्या घरांतून डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघाले, की सोलापूर, चीन आणि शांतारामांचा १९४६ सालचा चित्रपट ओघानेच आठवतात. त्यामागोमाग सुया टोचून करावयाच्या चिनी उपचाराचाही, म्हणजे अॅक्युपंक्चरचाही, विषय निघतो आणि ही विद्या कोटणीसांनीच भारतात आणली, असे कोणीतरी सांगून जाते. या सांगण्यात सत्याचा अंश आहे. मात्र वाट थोडी वळणाची आहे.

१९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी असे पाच डॉक्टर होते. शल्यचिकित्सक कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. सुईची विद्या शिकून आले ते त्यांचे सहकारी डॉ. बसू. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले आणि परतल्यावर कलकत्त्यात त्यांनी हा उपचार सुरू केला. पुढे कोटणीसांच्या स्मृत्यर्थ निघालेल्या समितीने ही केंद्रे चालविली. लुधियानातील अॅक्युपंक्चर रुग्णालयालाही कोटणीसांचेच नाव आहे. मित्राच्या विद्येला दिवंगत मित्राचे नाव लाभले, ते असे.

माणसे या उपचाराकडे का वळली, हा प्रश्न मात्र याहून मोठा आहे. खुद्द चीनमध्ये १८२२ साली राजवैद्यकसंस्थेतून या विद्येला बाहेर काढण्यात आले होते. १९४९ नंतर तिला पुन्हा राजाश्रय मिळाला, त्यामागे परंपरेचा अभिमान होता, तशी निकडही होती. खेडी अगणित, डॉक्टर थोडे, औषधे महाग. सुई स्वस्त आणि झोळीत मावणारी.

पाश्चात्त्य देशांत कारण नेमके उलटे होते. १९७१ साली अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या पोटातील त्रासावर सुयांचा उपचार करण्यात आला. त्यांनी तो अनुभव लिहिला आणि अमेरिकेत कुतूहल जागे झाले. तेथील राष्ट्रीय पाहणीनुसार वर्षभरात हा उपचार घेणारे प्रौढ २००२ साली शेकडा १ च्या आसपास होते. २०२२ साली ते प्रमाण २.२ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात ११३ सदस्य देशांनी आपल्याकडे हा उपचार चालत असल्याचे नोंदविले आहे. २००२ च्या अमेरिकी पाहणीत कारणांमध्ये पाठदुखी सर्वांत पुढे होती. तिच्यामागे सांधे आणि मान. तेथे औषधांची वाण नव्हती. औषधे घेऊनही दुखणे उरत होते.

मग गुण येतो का? पाठदुखीच्या अकराशेहून अधिक रुग्णांवरील जर्मन चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्के रुग्णांना आराम पडला, भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्क्यांना. सुई कोठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. तरीही दोन्ही गट औषधोपचाराच्या पुढे राहिले. रुग्णाजवळ कोणी निवांत बसते, त्याचे ऐकून घेते, दुखऱ्या अंगाला हात लावते, याचाही वाटा त्यात असावा, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने या उपचाराला मान्यतेची चौकट दिली. बंगालने ती १९९६ सालीच दिली होती. कायदा झाला म्हणून प्रत्येक दाव्याची सिद्धता होत नाही, आणि निदानावाचून सुईच्या भरवशावर राहणे धोक्याचेच. परंतु घरातील वडीलधारे माणूस गुडघा धरून ‘एकदा तेही करून पाहू’ म्हणते, तेव्हा त्याला हसण्यापूर्वी इतके तरी विचारावे: त्याचे दुखणे आपण शेवटचे कधी ऐकून घेतले होते?