झोपेच्या घड्याळाचे घरगुती मापन

शरीराची रात्र नेमकी केव्हा सुरू होते, हे घरी गोळा केलेल्या लाळेच्या नमुन्यांवरून ठरवण्याची पद्धत. झोपायची वेळ नोकरी, शाळा आणि मोबाइल मिळून ठरवतात. त्यामुळे तिच्यावरून आतले घड्याळ कळत नाही. हे घड्याळ म्हणजे मेंदूच्या तळाशी, अधोथॅलॅमसमध्ये असलेला सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंज. त्याच्या संकेतानुसार पीनियल ग्रंथी संध्याकाळनंतर मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. हा स्राव नेहमीच्या झोपेआधी साधारण दोन ते तीन तास वाढू लागतो, आणि मापन होते ते याच क्षणाचे.

प्रखर प्रकाशात मेलाटोनिन दबते, हे आल्फ्रेड लेवी व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये माणसात दाखवून दिले. म्हणून चाचणीच्या संध्याकाळी पडदे ओढून, मंद दिव्यात, स्क्रीनची उपकरणे बंद ठेवून बसावे लागते. नेहमीच्या झोपेआधी पाच-सहा तासांपासून दर अर्ध्या तासाने कापसाची गुंडाळी तोंडात घोळवायची, नळीत टाकायची, वेळ लिहायची आणि नळी थंड ठेवायची. मधल्या वेळात दात घासायचे नाहीत. हिरड्यांतून रक्ताचा अंश आला तर आकडा फुगतो, कारण रक्तात मेलाटोनिन लाळेच्या सुमारे तिप्पट असते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके व बीटा-ब्लॉकर गोळ्या स्राव कमी करतात. मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःहून थांबवू नये. प्रयोगशाळेत पातळी मिलिलिटरला ३ किंवा ४ पिकोग्रॅमची रेषा ज्या वेळी ओलांडते, ती वेळ म्हणजे उत्तर.

घरी शिस्त पाळली जाईल का, हा रास्त प्रश्न होता. शिकागोच्या रश विद्यापीठातील हेलन बर्जेस व सहकाऱ्यांनी अंगावर प्रकाशमापक आणि झाकण उघडल्याची वेळ टिपणारी गुंडाळ्यांची बाटली देऊन त्याची तपासणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, सूचना पाळल्यास घरचे निकाल विश्वासार्ह ठरतात असे दिसले. याला पर्याय म्हणून झोपेच्या सवयींवरील प्रश्नावल्या (हॉर्न-ओस्टबर्ग, १९७६; म्युनिक, २००३) आणि मनगटी यंत्रे स्वस्त व सोयीची आहेत. मोठ्या समूहाच्या अभ्यासाला ती पुरतात, एका रुग्णावर उपचार ठरवायला मात्र अपुरी पडतात.

ही अचूकता का हवी, ते प्रकाशोपचारात स्पष्ट होते. मेलाटोनिन वाढू लागल्यानंतर सुमारे सात तासांनी शरीराचे तापमान नीचांकावर येते. त्याआधीचा प्रकाश घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते; नंतरचा पुढे आणतो, म्हणजे झोप लवकर येते. ज्याचा स्राव रात्री १ वाजता सुरू होतो, त्याचा नीचांक सकाळी ८ च्या सुमारास येतो. त्याला लवकर झोप यावी म्हणून पहाटे ६ ला उन्हात पाठवले, तर झोप आणखी लांबण्याचा धोका असतो.

प्रकाशाची जाणीव अजिबात नसलेल्या अनेक दृष्टिहीन व्यक्तींचे घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालीने रोज थोडे सरकत राहते. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ पुरत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने मापन पुन्हा करून सरकण्याचा वेग काढतात.