फुलीखालचा खड्डा

भाचीने पुठ्ठा टेबलावर आणून ठेवला तेव्हा त्याला साडीच्या खोक्याचा वास येत होता. त्यावर चिकटवायचा कागद आदल्या दिवशी चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळवलेला, कडा मेणबत्तीवर जाळलेल्या (हे काम माझ्याकडे, तिच्या आईचा तसा हुकूम होता). कागदावर बेट, खाडी, कवटीसारखा डोंगर, तुटक रेघांची वाट आणि वाटेच्या टोकाला लाल फुली. समुद्री चाच्यांचा पटाचा खेळ घरी करायचा म्हटलं की मुलं बहुधा हाच कागद काढतात. दहा वर्षांच्या पोरीला तो कुणी शिकवला? नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. फुलीला ती अट नाही.

कूळ शोधत गेलं की आपण स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, 1881 च्या उन्हाळ्यात पोचतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तेव्हा तीस वर्षांचा होता, छातीच्या दुखण्याने बेजार. भाड्याच्या घरात आईवडील, बायको आणि बायकोच्या पहिल्या लग्नाचा मुलगा लॉइड, वय तेरा. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेईना. शाळेला सुट्टी लागलेलं पोर घरात कोंडलं गेलं की काय होतं ते पावसाळ्यात कोकणात आजोळी गेलेल्या कुणालाही सांगायला नको. रंगपेटी निघाली. एका बेटाचा नकाशा तयार झाला.

तो काढला कुणी, यावर घरातच दोन मतं. स्टीव्हन्सन पुढे लिहितो, नकाशा मी काढला. लॉइडने मोठेपणी लिहिलं की बेट मी रंगवत होतो, ते खांद्यावरून डोकावले आणि त्यांनी खाड्या-टेकड्यांना नावं द्यायला सुरुवात केली. मुलाला ‘जरा मदत’ करायला बसून अख्खं चित्र बळकावलेला कुठलाही मामा सांगेल, दोघंही खरं बोलतात.

मुद्दा पुढचा. त्या नकाशाआधी ‘ट्रेझर आयलंड’ नावाची गोष्ट नव्हती. रंगवलेल्या जंगलाकडे बघता बघता झाडांमागून माणसं दिसायला लागली, असं स्टीव्हन्सन सांगतो. मग रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं, असं चाललं. त्याचे वडील थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारे इंजिनिअर. जहाजं खडकावर आपटू नयेत म्हणून आयुष्य वेचलेला हा गृहस्थ चाच्यांच्या गोष्टीत मुलापेक्षा जास्त रमला. खलाशी बिली बोन्सच्या पेटीत काय काय सापडलं याची यादी त्याची, आणि कप्तान फ्लिंटच्या जहाजाचं ‘वॉलरस’ हे नावही त्याचंच. लॉइडची अट एकच होती, गोष्टीत बाई नको. नायकाची आई वगळता ती पाळलीही गेली. हे ऐकून भाचीने आपल्या जहाजावरच्या कप्तानाची दाढी खोडली आणि त्याला वेणी घातली.

‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर 1881 पासून गोष्ट छापून आली, ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या टोपणनावाने. पुस्तक निघालं 1883 मध्ये. त्यासाठी मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवला, तर तो पोचलाच नाही. मग स्टीव्हन्सनला स्वतःच्याच पुस्तकातून अंतरं आणि दिशा वेचून, त्यांना जुळेल असा नकाशा नव्याने आखावा लागला. तो वडिलांच्या कचेरीत तयार झाला. गलबतं आली, फवारे उडवणारे देवमासे आले, आणि थॉमसरावांनी हस्ताक्षर बदलून फ्लिंटची खोटी सही ठोकली. त्या नकाशावर लाल फुल्या तीन आहेत. पुढे सिनेमांनी, बिस्किटांच्या डब्यांनी आणि वाढदिवसाच्या केकांनी त्यातली एक ठेवली.

फुलीखाली धन पुरण्याची कल्पना मात्र स्टीव्हन्सनची नव्हे. तिच्यामागे कप्तान विल्यम किड उभा आहे, आणि इथे वाट अचानक आपल्या किनाऱ्याला लागते. चाचे पकडण्याचा सरकारी परवाना घेऊन निघालेला हा माणूस 1697 मध्ये कारवारला येऊन गेला. 1698 च्या जानेवारीत त्याने मलबारच्या किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज धरलं. बंगालहून सुरतेला निघालेलं, आर्मेनियन व्यापाऱ्यांचं, रेशीम-मलमलीने भरलेलं. लुटीतला थोडा ऐवज त्याने 1699 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर पुरला. तो लगेच उकरून जप्त झाला आणि 1701 मध्ये किड लंडनला फासावर गेला. पण ‘बाकीचं कुठे असेल?’ या एका प्रश्नावर पुढच्या पिढ्या बेटं खणत बसल्या. एडगर ॲलन पोची 1843 सालची ‘द गोल्ड बग’ ही गोष्ट किडच्याच खजिन्याची. एरवी चाचे सहसा काही पुरत नसत. हाती येईल ते वाटून घ्यायचं आणि पहिल्या बंदरात उडवायचं, हा रिवाज.

हे झालं नकाशाचं. पटावर फाशाने सोंगटी पुढे सरकवण्याचं कूळ वेगळं आणि फार जुनं. इटलीतला 63 घरांचा हंसाचा पट सोळाव्या शतकातला, आपला मोक्षपट तर सापशिडीचा पूर्वज. आम्ही फासा घेतलाच नाही, कवड्या घेतल्या. सोंगट्यांना बाटल्यांची बुचं.

“मामा, चाचे म्हणजे काका ना रे?”

“हिंदीत. मराठीत दरोडेखोर. समुद्रावरचे.”

“मग कान्होजी आंग्रे चाचे होते?”

इंग्रजांच्या कागदांत होते, म्हटलं. आपल्याकडे ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. त्यांचा दस्तक घेतल्याशिवाय जहाज पुढे न्यायचं नाही, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज हेच आपले परवाने विकून करत, पण त्यांना कुणी चाचे म्हणत नसे. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. भाचीने ऐकून घेतलं आणि पटावरच्या एका घरात किल्ला काढला. तिथे आलेल्याने दोन चिंचोके भरायचे, नाहीतर एक डाव थांबायचं.

पहिल्या दिवशी खेळ रंगला. दुसऱ्या दिवशी बसला. फुली कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक, सगळे सरळ तिकडेच पळतात, ज्याला कवड्या चांगल्या पडल्या तो जिंकला. भाची रुसून बसली. तेव्हा तिला पुस्तकातली गंमत सांगितली (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढचं वाक्य गाळावं). नकाशा घेऊन, माणसं मारून सगळे फुलीपाशी पोचतात तेव्हा तिथे नुसता खड्डा असतो, कारण बेटावर एकटा सोडलेल्या बेन गनने ते धन आधीच आपल्या गुहेत नेलेलं असतं.

ती उठून सोड्याची सहा बुचं घेऊन आली. एकाच्या पोटात सोनेरी कागद चिकटवला, सगळी उपडी घालून फिरवली आणि बेटभर पेरली. फुलीवर एकही ठेवलं नाही.

“खोडू का ती?” मी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “बाबांना खेळायला बोलवूया.”