डेक्कन क्वीनचा खरा रंग कोणता?

आमच्या घरात एक वाद चाळीस वर्षे चालला होता. वादाचा विषय ना जमीनजुमला, ना लग्नातला मानपान. डेक्कन क्वीनचा रंग कोणता, एवढाच तो विषय. माझे वडील आणि त्यांचे थोरले बंधू यांचे बालपण कर्जतला गेले; आजोबा रेल्वेत नोकरीस होते. गाडी कर्जतवरून जाई तेव्हा दोघे भाऊ रुळांच्या कडेला उभे राहून ती पाहत. वडील म्हणत, गाडी रुपेरी होती. काका म्हणत, निळी होती. साठच्या दशकात काका इस्राएलला जाऊन लोद येथे स्थायिक झाले, आणि तेथून येणाऱ्या पत्रांच्या शेवटी ‘गाडी निळीच होती’ अशी एक ओळ ठरलेली असे. आज दोघेही हयात नाहीत. हा वाद मिटला तो येथे ॲन आर्बरला, एका शेजाऱ्याच्या तळघरातून सुरू झालेल्या शोधामुळे.

ॲन आर्बर हे मिशिगन राज्यातील विद्यापीठाचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु या गावाच्या नावाची एक रेल्वेही होती. जेम्स ॲशली यांनी ती बांधली. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव १८६३ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मांडणारे ते हेच ॲशली. टोलेडोहून निघालेला हा मार्ग मिशिगन सरोवराच्या काठी फ्रँकफर्टला पोहोचे, आणि १८९२ पासून मालाचे डबे तेथून बोटीवर चढवून सरोवरापार नेत. ही बोटवाहतूक १९८२ पर्यंत टिकली. १८९५ साली कंपनीस ‘ॲन आर्बर रेलरोड’ हे नाव मिळाले आणि १९७३ साली तिचे दिवाळे निघाले. दक्षिणेकडील भागावर त्याच नावाची एक छोटी कंपनी आजही मालगाड्या चालविते.

आमच्या शेजाऱ्यांनी ही जुनी रेल्वे आपल्या तळघरात उभी केली आहे. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे सत्त्याऐंशी फुटांचा डबा एका फुटात. माझा मुलगा त्यांच्याकडे जाऊ लागला आणि त्याच्या मागोमाग मीही. एकदा मुलाने बाजारातून आणलेले नारिंगी इंजिन त्यांना दाखविले व विचारले, “रंग बरोबर आहे का?” त्यांनी रंगाकडे पाहण्यापूर्वी प्रश्न केला, “कोणत्या वर्षाचे?” कारण असे की, १९२५ ते १९६३ या काळात ही रेल्वे वाबॅश कंपनीच्या ताब्यात होती. तेव्हाच्या डिझेल इंजिनांवर वाबॅशच्या धर्तीचा निळा, करडा व पांढरा रंग असे. १९६३ मध्ये मालक बदलला आणि त्यानंतर नारिंगी रंग आला. तेव्हा १९५५ सालचा देखावा मांडून त्यात नारिंगी इंजिन ठेवले, तर रंगाची छटा कितीही अचूक असो, ते चूकच. वर्ष ठरल्याशिवाय रंगाचा निवाडा करता येत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा उजेडाचा. त्यांनी एकाच मालडब्याचे दोन नमुने हाती दिले. तळघरातील पिवळ्या दिव्याखाली दोन्ही अगदी जुळे भाऊ. खिडकीशी नेताच एक विटकरी, तर दुसरा जांभळट. निराळ्या द्रव्यांनी बनविलेले दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. दुकानात पसंत केलेले साडीचे काठ घरी येऊन ब्लाऊजशी जुळत नाहीत, हा आपल्या बायकांचा जुनाच अनुभव! म्हणून नमुना दोन्ही उजेडांत पाहावा, आणि जेथे तो मांडायचा त्या उजेडात अखेरचा निर्णय करावा.

तिसरा धडा आकाराचा व वयाचा. खऱ्या डब्याचाच रंग चिमुकल्या डब्यास दिला तर तो गडद भासतो. म्हणून जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. शिवाय अमेरिकन मालडब्यांचा तो प्रसिद्ध तांबूस रंग लोखंडाच्या भस्माचा, आपल्या गेरूच्या जातीचा. स्वस्त आणि टिकाऊ. पण उन्हाने, धुराने व धुळीने त्याचे रूप बदलत जाई. कारखान्यातून निघालेला डबा आणि दहा वर्षे धावलेला डबा यांचा रंग एक कसा असेल?

मग बनावटीची परीक्षा. दोन रंगांमधली रेघ सुतासारखी सरळ हवी, अक्षरे भिंगाखालीही वाचता यावीत, आणि रंगाचा थर पातळ हवा. नमुन्यावरील एक दशांश मिलिमीटरचा थर खऱ्या डब्यावर जवळजवळ नऊ मिलिमीटरचा होईल; अशा गिलाव्याखाली रिव्हेट आणि दारांच्या फटी बुजून जातात. आपल्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. भारताची रुंद लाईन १६७६ मिलिमीटरची. या प्रमाणात ती सुमारे १९.३ मिलिमीटर व्हावयास हवी; पण बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे, कारण ते अमेरिका-युरोपच्या लाईनवरून ठरलेले. त्यामुळे आपला डबा त्यावर अरुंद पायांवर उभा राहिल्यासारखा दिसतो.

एवढे शिकल्यावर मुलाने डेक्कन क्वीनचा डबा स्वतःच करण्याचे मनावर घेतले, आणि घरातला जुना वाद पुन्हा उभा राहिला. या वेळी मात्र आम्ही आठवणींना बाजूस ठेवून वर्षापासून सुरुवात केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू केली. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली. आणि गाड्या एक नव्हे, दोन होत्या! सात-सात डब्यांच्या दोन. एक रुपेरी, तिच्यावर लालभडक पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेषा.

हे वाचले तेव्हा मी काही वेळ गप्पच बसलो. एका भावाने एक गाडी मनात जपली, दुसऱ्याने दुसरी. दोघांनीही डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले होते, आणि तरीही चाळीस वर्षे एकमेकांना खोटे ठरविले. गाडीत बसण्याचा योग दोघांनाही त्या काळी आला नाही. प्रारंभी तिला केवळ पहिला व दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग आला तो १९५५ साली. त्यांच्या वाट्यास आला तो बाहेरचा रंगच.

फोटोंवर विसंबावे तर तेही सावधपणे. घरोघरी रंगीत फिल्म यावयाच्या आधीचा हा काळ. शिवाय तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिका. अशा फोटोतली फिकी गाडी रुपेरीच असेल असे कोण सांगणार? आपल्या अल्बमांतील साठ-सत्तर सालचे रंगीत फोटोही आता तांबूस झाले आहेत, कारण त्यांतील निळसर द्रव्य आधी उडते. आणि शब्द तर याहून लवचीक. पुण्याचे लाल देऊळ ‘लाल’, स्टेशनावरील हमालाचा सदराही ‘लाल’. पण एक विटेचा, दुसरा रक्ताचा. पुढे १९६६ साली पेरांबूरचे पोलादी डबे आले, २०२२ साली पुन्हा नवे आले, आणि रंगही बदलत गेले. आपल्यापैकी प्रत्येक पिढीची डेक्कन क्वीन निराळी आहे.

म्हणून एक विनंती करावीशी वाटते. घरात रेल्वेच्या नोकरीतली एखादी पेटी, कंदील, रंगाचा तुकडा असेल तर तो उन्हापासून दूर ठेवा. जुन्या फोटोच्या मागे वर्ष, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. दोन वडीलधाऱ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर एक खोडू नका; दोन्ही लिहा.

मुलाने दोन डबे केले, एक रुपेरी व एक निळा. रुपेरीवरच्या बारीक लाल पट्ट्यांनी त्याला तीन वेळा रंग खरवडावयास लावले. त्या निळ्याची नेमकी छटा आम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणून डबा उलटा केला तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले दिसते: ‘१९३०. रंग वर्णनावरून.’ दोन्ही डबे आमच्या खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, शेजारी शेजारी उभे आहेत.