‘संतोष’ बेटाची लाट

लातूरच्या बाजूस विहीर खणूं लागलें म्हणजे काळी माती संपतांच मुरूम लागतो, मुरुमाखालीं मांजऱ्या आणि त्याखालीं काळा पाषाण. पाषाण लागला कीं सुरुंगावांचून काम पुढें सरकत नाहीं. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां याच काळ्या दगडांच्या, मातींत रचलेल्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. पुढें शास्त्रज्ञांनीं किल्लारीस जमिनींत खोल छिद्र घेतलें. त्यांत काळ्या पाषाणाची जाडी 338 मीटर भरली. खालीं थोडा गाळ आणि मग पुरातन ग्रॅनाइट. पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यांत देगलूर-बिलोलीच्या बाजूस हा थर संपतो आणि ग्रॅनाइटच्या टेकड्या उघड्या पडतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या पाषाणाची ती पूर्वेकडील किनार होय.

हा पाषाण म्हणजे थिजलेला अग्निरस. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस भेगा पडून तो बाहेर आला व थरावर थर सांचत गेला. ज्या ठिकाणच्या तापानें हें घडलें, तें ठिकाण आज दख्खनच्या खालीं नाहीं. भारताची भूमि उत्तरेकडे सरकत गेली आणि तो ताप मागें, दक्षिणेस राहिला, असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. जातां जातां त्यानें समुद्राच्या तळाशीं डोंगरांची ओळ उभी केली. लक्षद्वीप, मालदीव व चागोस हीं बेटें त्या ओळीच्या माथ्यावर आहेत. सुमारे 80 ते 90 लक्ष वर्षांपूर्वीं तेथूनच मॉरिशस बेट समुद्रांतून वर आलें आणि त्यानंतर त्याच्या नैर्ऋत्येस रेयुनियों. रेयुनियोंवरील पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर अग्निरस ओकतो. म्हणजे लातूरच्या विहिरींतला पाषाण आणि मॉरिशसच्या किनाऱ्यावरचा काळा कातळ यांचें कूळ एकच. याच मॉरिशसच्या किनाऱ्यावर एक लाट फुटते. तिला एकदां ‘विसरलेल्या बेटा’ची लाट म्हणून जगापुढें मांडण्यांत आलें. तें बेट विसरलें कोण, हा या हकीकतींतला खरा प्रश्न आहे.

समुद्राच्या लाटेविषयीं, समुद्रापासून दूर वाढलेल्या माणसाचा एक गैरसमज असतो. गोदावरीचा पूर ज्यानें नांदेडच्या घाटावरून पाहिला आहे, त्याला वाहणारें पाणी ठाऊक आहे. पुरांतला ओंडका पाण्याबरोबर जातो. लाटेचें तसें नाहीं. पोटरींत आलेल्या ज्वारीच्या शेतावरून वारा गेला म्हणजे एक लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत धांवत जाते, पण एकही ताट आपली जागा सोडीत नाहीं. भर समुद्रांत पाणी बहुतांशीं जागच्या जागीं वरखालीं होतें. पुढें जातो तो केवळ आकार आणि त्याच्या पोटांतलें बळ. दक्षिण गोलार्धांत चाळीस अंशांच्या पलीकडे, जेथें वाऱ्यास अडवायला जमीनच जवळजवळ नाहीं, तेथें वादळें उठतात. त्यांनीं उठविलेल्या लांब लाटा कित्येक दिवस हजारों किलोमीटर चालून मॉरिशसला पोंचतात. त्या पोंचतात तेव्हां तेथील आकाश बहुधा निरभ्र असतें.

या बेटाभोंवतीं प्रवाळाची भिंत आहे. प्रवाळ हे समुद्रांतील अगदीं लहान जीव. त्यांच्या सांगाड्यांची पिढ्यान् पिढ्या रास होऊन हा खडक बनतो. त्याचा माथा पाण्याच्या पातळीस जवळजवळ टेकलेला असतो आणि बाहेरची बाजू एकदम खोल जाते. वाळूच्या चढणीवर लाट हळूहळू मोडते. येथें तिला तशी सवड मिळत नाहीं. खोल पाण्यांतून आलेली लाट अचानक उथळ खडकावर चढते, तिचा पाया अडतो, माथा पुढें झुकतो आणि पाणी कमानीसारखें वळून कोसळतें. लाटेच्या उंचीहून पाण्याची खोली थोडीशीच अधिक उरली कीं ती फुटते, असा साधारण हिशेब आहे. मात्र हें फुटणें सर्व रेषेवर एकाच वेळीं झालें तर माणसाच्या कामाचें नाहीं. भिंत तिरपी असली तर लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाते आणि न फुटलेल्या उतारावरून फळीवर उभा असलेला माणूस तिच्या पुढें पुढें निसटत राहतो. खालीं खडक वस्त्र्यासारखा असतो. पाय चुकला तर अंग सोलवटून निघतें.

बेटाच्या पश्चिमेस, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यांत तामारें नांवाचा उपसागर आहे. डोंगरांतून आलेल्या नद्यांचें गोडें पाणी येथें समुद्रास मिळतें. गोडें पाणी प्रवाळास मानवत नाहीं, म्हणून भिंतीस येथें खिंडार पडलें आहे आणि खिंडाराच्या कडेवर ती सुप्रसिद्ध लाट उलगडते. फ्रेंच भाषेंत तामारें म्हणजे चिंच. हा शब्द मुळांत अरबी, ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. चिंचेच्या नांवांतच हिंदुस्थान घेऊन बसलेलें हें गांव पुढें आणखी एका हिंदी शब्दानें ओळखलें जावें, हा योग मौजेचाच.

लाटेवर स्वार होण्याची विद्या मात्र मॉरिशसची नव्हे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अक्रा येथें मुलें पोटाखालीं फळ्या घेऊन लाटांवरून येत, हें 1830 च्या दशकांतील एका इंग्रज प्रवाशानें लिहून ठेविलें आहे. पेरूचे कोळी लव्हाळ्याच्या होड्यांतून लाटा उतरत. परंतु या खेळास शास्त्र, मान आणि रूढी यांची जोड मिळाली ती प्रशांत महासागरांतील हवाई बेटांत. तींही ज्वालामुखीचींच बेटें. तेथें राजे, राण्या आणि सामान्य जन सर्वच लाटेवर स्वार होत. ‘ओलो’ नांवाची लांबलचक फळी सरदारांची. ती विलिविली या आपल्या पांगाऱ्याच्या सगोत्र झाडाची, म्हणून हलकी. ‘अलाइआ’ ही आंखूड फळी कोआ किंवा ब्रेडफ्रूट यांच्या लांकडाची. कोआ बाभळीच्या आणि ब्रेडफ्रूट फणसाच्या नात्यांतला. मराठवाड्याच्या सुताराच्या हातीं तीं लांकडें दिलीं असतीं तर त्यांची जात ओळखायला त्याला फार वेळ लागला नसता.

कॅप्टन कुकचीं जहाजें 1779 च्या जानेवारींत हवाईच्या केआलाकेकुआ उपसागरांत नांगरलीं. 14 फेब्रुवारीस कुक तेथेंच मारला गेला. त्याचा सहकारी लेफ्टनंट जेम्स किंग यानें या खेळाचें तपशीलवार वर्णन केलें. ज्या फुटत्या लाटांना भिऊन इंग्रज खलाशी दूर राहत, त्याच लाटांत शिरून तेथील माणसें आनंदानें परत येतात, याचें त्याला मोठें आश्चर्य वाटलें. पुढची कथा दुःखाची आहे. परकीयांबरोबर आलेल्या रोगांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. 1820 मध्यें अमेरिकन मिशनरी आले. उघड्या अंगानें, स्त्रीपुरुषांनीं एकत्र, कामाच्या वेळीं खेळावयाचा हा खेळ त्यांच्या पसंतीस उतरण्यासारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थोड्याच किनाऱ्यांवर तो उरला होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं वायकीकीच्या किनाऱ्यावर त्यास नवा जीव आला. ड्यूक काहानामोकू या हवाईयन जलतरणपटूनें 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकांत शंभर मीटरचें सुवर्णपदक मिळविलें आणि 1914-15 च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत लाटेवर उभें राहून दाखविलें. दुसऱ्या महायुद्धानंतर लांकडाच्या जागीं फोम आणि फायबरग्लास यांच्या हलक्या फळ्या आल्या. मग सुखवस्तु देशांतील तरुण लाटांच्या शोधांत पृथ्वीभर फिरूं लागले.

त्यांतलाच एक अमेरिकन चित्रपटकार लॅरी येट्स. ‘द फरगॉटन आयलंड ऑफ सांतोशा’ हा त्याचा चित्रपट 1974 चा. चित्रण तामारें येथील. पण चित्रपटानें मॉरिशसचें नांव झांकून बेटास ‘सांतोशा’ म्हटलें. हा आपला ‘संतोष’च. योगशास्त्रांतील पांच नियमांपैकीं एक. लाटेचा ठिकाणा उघड केला तर उद्यां गर्दी होईल, ही भीति समजण्यासारखी आहे. रानांतल्या मोहोळाची जागा ठाऊक असलेला गुराखीही ती सांगत नाहीं. पण ‘विसरलेलें’ हें विशेषण तेवढ्यानें खरें ठरत नाहीं. 12 मार्च 1968 रोजीं स्वतंत्र झालेला तो एक देश होता. त्याचें क्षेत्रफळ सुमारें 1,865 चौरस किलोमीटर. एकटा लातूर जिल्हा त्याच्या जवळजवळ चौपट भरतो. एवढ्याशा भूमीवर लक्षावधि माणसें राहत होतीं आणि तामारेंच्या आसपास राहणाऱ्यांत मराठी माणसेंही होतीं.

तीं तेथें कशीं गेलीं? फ्रेंचांच्या व 1810 नंतर इंग्रजांच्या अमलाखालीं बेटावर ऊंस पिके आणि तो आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर. पळालेले गुलाम नैर्ऋत्य टोंकावरील ल मॉर्न या 556 मीटर उंचीच्या सुळक्यावर आश्रय घेत. 1 फेब्रुवारी 1835 रोजीं गुलामगिरी संपली. ही वार्ता सांगावयास आलेले शिपाई आपणांस धरावयास आले असें समजून माथ्यावरच्यांनीं कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तेथें पिढ्यान् पिढ्या सांगतात. गुलाम गेल्यावर ऊंस कापणार कोण, म्हणून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर आणले. 2 नोव्हेंबर 1834 रोजीं ‘ॲटलस’ जहाजानें 36 मजूर कलकत्त्याहून पोंचले. 1910 पर्यंत हा आंकडा साडेचार लाखांच्या घरांत गेला. बहुतेक बिहारकडील आणि मद्रासकडील. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत मराठी मंडळी होती, विशेषतः रत्नागिरीकडची. पांच वर्षांचा करार आणि महिना पांच रुपये पगार. एक दिवस कामावर गेलें नाहीं तर दोन दिवसांचा पगार कापीत. या पद्धतीचें नांवच ‘दुहेरी कपात’ होतें.

त्या लाटेवर मराठी माणूस शंभर वर्षांत कां चढला नाहीं, असा प्रश्न कोणी विचारील, तर उत्तर या दुहेरी कपातींत आहे. त्याला धैर्याची वाण होती असें मुळींच नव्हे. कोकणचा कोळी पावसाळ्याच्या तोंडीं ज्या समुद्रांतून होडी काढतो, तो समुद्र काहीं सौम्य नसतो. आणि हीं माणसें तर काळें पाणी ओलांडून आलेलीं. परंतु हवाईचा खेळाडू समुद्राकडे जाई तो स्वतःच्या मर्जीनें, स्वतःच्या किनाऱ्यावर. मळ्यांतला मजूर सूर्योदयापूर्वीं उंसाकडे तोंड करून उभा राही आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर दिसला तर ‘भटक्या’ म्हणून पकडला जाई. लाटेवर स्वार व्हावयास फळीपेक्षां मोकळा दिवस अधिक लागतो.

या माणसांचीं नांवें मुन्शीच्या वहींत जशीं उतरलीं तशींच राहिलीं. आजा-पणजाचें पाळण्यांतलें नांव नातवंडांचें आडनांव होऊन बसलें. भाषा घरांत क्रिओलपुढें मागें हटली. तरी 1896 मध्यें हेन्रिएटा येथें भिवाजी घराण्यानें गणपति बसविला, आणि आज गणेशचतुर्थीस साऱ्या देशास सुट्टी असते. तामारेंच्या जवळच कास्काव्हेल हें मराठी वस्तीचें गांव आहे. कोकणांतली झाकडी तेथें ‘झाकरी’ झाली, पण टिकली. 2006 मध्यें मजुरांच्या उतरण्याची जागा, आप्रवासी घाट, आणि 2008 मध्यें ल मॉर्न या दोहोंस युनेस्कोनें जागतिक वारसा ठरविलें.

दरम्यान लाटेचा खेळ फारच पुढें गेला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकांत त्याची स्पर्धा पॅरिसपासून हजारों कोस दूर, ताहिती या ज्वालामुखी बेटाच्या तेआहुपो येथील प्रवाळभिंतीवर झाली. शेजारच्या रेयुनियोंवर मात्र 2011 पासून शार्कच्या हल्ल्यांत कित्येक जीव गेल्यामुळें 2013 मध्यें सरकारला बंदी घालावी लागली. ल मॉर्नच्या पायथ्याशीं, भिंतीबाहेर, आणखी एक कठीण लाट आहे. तिला ‘वन आय’ म्हणजे एकडोळी म्हणतात. ज्या सुळक्यावर पळालेले गुलाम लपत, त्याच्या काळ्या कातळांत एक भोंक आहे. पाण्यांतल्या माणसाला तें भोंक डोळ्यासारखें उघडें दिसूं लागलें कीं लाट धरण्याची जागा नेमकी तीच, असें तेथील जाणते सांगतात.