साठ सेकंद

परवा मावशीने फोनवर विचारलं, "आजी सांगायची ते सगळं तू कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतास ना, त्याचं काय झालं रे?" एका वाक्यात सांगता येईना. म्हणून ही नोंद.

ऑगस्ट २००३. घरी विंडोज एक्सपी आणि फोनच्या तारेवरचं डायल-अप. नेट जोडलं की थोड्या वेळाने स्क्रीनवर एक चौकट यायची: साठ सेकंदांत मशीन बंद होत आहे. आणि आकडे उलटे सुरू! मशीन बिघडलं, असं आम्ही ठरवून टाकलं. त्या काळी अशा बिघाडावर सगळ्यांकडे एकच औषध असे: फॉरमॅट मार आणि विंडोज परत टाक. तेच केलं. कोरं करकरीत एक्सपी आलं, नेट जोडलं, आणि काही मिनिटांत पुन्हा तीच चौकट.

या उपद्रवाचं नाव ब्लास्टर. ११ ऑगस्टला हा वर्म पसरू लागला. मेलमधून येणारे व्हायरस निदान आपण अटॅचमेंट उघडायची वाट बघत. याला आपल्याकडून काहीच नको होतं. एक्सपीतली आरपीसी नावाची सेवा दुसऱ्या मशीनचे निरोप घ्यायला १३५ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसलेली असे. तिच्यात एक चूक होती. वर्म नेटवरचे पत्ते चाचपत फिरे आणि त्या चुकीतून आत शिरे. या झटापटीत ती सेवा कोसळे, आणि ती कोसळली की विंडोज स्वतःच रीस्टार्ट होई. म्हणजे साठ सेकंदांची ती चौकट वर्मची नव्हे, विंडोजचीच!

गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टने या चुकीचा पॅच १६ जुलैलाच दिला होता, २६ दिवस आधी. पण आमची सीडी २००१ सालची. फॉरमॅट केल्यावर मशीन थेट २००१ सालात परत गेलं. पॅच आणायचा तर नेटवर जायला हवं, आणि नेटवर तर वर्म टपलेला. एक्सपीत फायरवॉल होती, पण ती आपण होऊन सुरू नसे. फोनची तार काढून विंडोज टाकायचं, आधी फायरवॉल चालू करायची आणि मगच नेट जोडून पॅच उतरवायचा, हा क्रम आम्हाला दुसऱ्या फॉरमॅटनंतर कळला.

पुढच्याच वर्षी, एप्रिलअखेरीस, सॅसर आला. त्याचाही पॅच १३ एप्रिलला निघालेला होता. २००४ साली सॅन्स संस्थेच्या अंदाजाने पॅच नसलेलं विंडोज मशीन नेटवर सरासरी २० मिनिटंच तग धरत होतं. अखेर त्या ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप सुरू राहू लागली. 'लोक पॅच टाकत नाहीत' हे रडगाणं तोवर खूप गाऊन झालं होतं. पण खरा फरक पडला तो बनवणाऱ्यानेच दार लावून घर ताब्यात द्यायला सुरुवात केली तेव्हा. हे मला आजही महत्त्वाचं वाटतं.

असो. मावशी, आता तुझं उत्तर.

फॉरमॅट करताना आम्ही फक्त सी ड्राइव्ह पुसला. गाणी, सिनेमे डी ड्राइव्हवर होते, ते सुखरूप राहिले. आजीची फाइल 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये होती, आणि ते फोल्डर सी ड्राइव्हवर असतं हे मला ठाऊक नव्हतं. ब्लास्टरने आमच्या एकाही फाइलला हात लावला नव्हता. आजीचं सगळं पुसलं ते मी, दुरुस्ती करताना.

तिला पुन्हा सांगायला लावायची लाज वाटली. वाटायला नको होती.

तेव्हा तुम्हा सगळ्यांना विनंती: तिच्या तोंडून ऐकलेलं जे काही आठवत असेल ते लिहून पाठवा. अर्धवट असलं तरी चालेल. या वेळी दोन ठिकाणी ठेवतो.